दीड सूत

प्रफुल्ल वांढरेनं जीपखालून काढलेला शाफ्ट
माझ्या लेथसमोर आणून टाकला,
मेलेल्या धामणीसारखा.
"गिट्टीखाणीच्या चढावर पाय दिला नुसता.
खाडकन वाजलं. इंजिन गरजून राह्यलं
आन् गाडी जागच्या जागी."

नळीवर कंपनीनं मारलेली पांढरी रेघ असते,
या टोकापासून त्या टोकाला,
सरळ, भांगासारखी.
ती आता नळीभोवती वेढा घालून गेली होती.
मी बोट ठेवून तिच्या मागं मागं फिरलो.

आमच्या मुलखात पीळ म्हणजे बळ.
पेळूला बसला की सूत, सुताला बसला की दोर,
दोर जळला तरी राखेत तसाच.
लोखंडाचं वेगळं.
त्याला पीळ बसला की ते संपलं.

जीप त्याच्या मामाची, सत्त्याऐंशी सालची.
तिच्यात त्यानं नागपूरच्या भंगारातलं
टर्बो इंजिन बसवलं, अडीचशे घोड्यांचं.
मधली नळी मात्र तीच, साठ घोड्यांची,
भिंत अर्धं सूत.
"एवढे घोडे बोळीतून सोडले बे तू," मी म्हटलं.
तो हसला नाही.

अमरावतीहून बिनजोड नळी आणली,
भिंत दीड सूत.
थ्री फेज आमच्याकडं रात्री साडेदहाला येतो,
शेतातल्या मोटारींसोबत. तेव्हाच लेथ फिरतो.
ओलिताला निघालेली माणसं
बॅटऱ्या विझवून दारात थांबायची
अन् निळा पडत जाणारा कीस पाहायची.

दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत.
एक बारावर, तर दुसराही बारावर.
जरा चुकलं की साठच्या पुढं गाडी कण्हते
आणि कुठं दुखतं ते कोणाला सापडत नाही.
टाका, डायल, हातोडी,
परत डायल.
सुई थरथरायची थांबली तेव्हा
घाटंजीची पहिली एसटी हॉर्न देऊन गेली होती.

"काटे दहाचाकी ट्रकचे टाक," प्रफुल्ल म्हणाला,
"पैशाकडं पाहू नको."
मी टेम्पोचे टाकले. चारशे रुपयांचा क्रॉस.

माझा बाप सुतार. जू घडवायचा.
जू बाभळीचं, शिवळा मुद्दाम हलक्या लाकडाच्या.
लोक कुरकुरायचे.
तो म्हणे, शिवळ मोडली तर चार आणे,
मान मोडली तर बैल.
अन् रंध्याखाली वाकायचा परत.

"गड्या, नळी आता तुटत नाही.
पण जोर कुठंतरी निघनच.
मागचं क्राऊन जाईन, नाहीतर गिअरबॉक्स.
काय तुटावं ते तू ठरव,
नाहीतर चढ ठरवन."

बराच वेळ तो पान्ह्यावरचं ऑइल पुसत राहिला.
"टाक मग टेम्पोचे," म्हणाला,
जसे काही अजून टाकायचे होते.

सागाच्या ठोकळ्यांवर जीप चढवली, गिअर टाकला.
फिरत्या नळीजवळ मी खडू धरला;
खडू टेकला ती बाजू जड.
समोरच्या बाजूला क्लिप कसली, परत खडू.
नळीखाली जाड पट्टीची एक कडी लावली,
तुटलंच तर झेलायला.

तो गेला. मी लेथ बंद करून ऐकत होतो:
पुलावर दुसरा, वळणावर तिसरा,
मग खाणीचा चढ.
आवाज वर वर गेला
आणि पलीकडं उतरला.

पौषात एकदा येऊन त्यानं
तुटलेला क्रॉस टेबलावर ठेवला,
शेजारी चारशे रुपये.
चहा घेतला. कापसाच्या वजनकाट्याबद्दल बोललो.

जुनी नळी चंद्रकलेनं परसात रोवलीय,
वालाच्या वेलाला.
वेल चढतो आहे,
रेघेच्या उलट्या बाजूनं.